अकरावं निरीक्षण

विकास नगर, लखनौ
१८ जानेवारी

प्रिय शिवाजीदादा,

पाकीट जाड बघून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. बाईसाहेबांनी एवढी पानं लिहिली म्हणजे कुठंतरी गाडी अडली, असं लतावहिनींना म्हणालाही असशील. फोनच करायचा होता. पण गेले दहा महिने तू फोनवर “बरं आहे, तू कशी?” एवढंच विचारतोस आणि उत्तर ऐकायच्या आत वहिनींच्या हातात देतोस. आणि खरं सांगू का, मला जे सांगायचं आहे ते तोंडानं बोलायची माझ्यात धमक नाही. तेवीस वर्षं सरकारी कागद लिहून पोट भरलं, तेव्हा हेही कागदावरच लिहिते. घाई करू नकोस. हातपाय धुऊन, चहा पिऊन, निवांत बसून वाच.

इथं थंडी कडाक्याची आहे. धुकं असं की समोरच्या घराचं फाटक दिसत नाही, आणि सूर्य अकरा वाजता हजेरी लावून तीनला निघून जातो. हृषीकेश त्याच्या संस्थेतल्या रोपांना गोणपाट गुंडाळण्यात गुंतलाय; बायकोला स्वेटर आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं, पण कुठल्या कुंडीला गारठा बाधला ते बरोबर ठाऊक असतं. हिमानी बारावीला आहे. मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते, रागावलं तर इंग्रजीत. परवा जेवताना म्हणाली, “मम्मा, शिवाजीमामा सबको ऐसा क्यों बोलते हैं कि विश्वजित भैया की ही गलती थी?” मी म्हटलं, वरण निवतंय, जेव. तिनं ताट बाजूला सारलं. सतरा वर्षांची आहे दादा, तिला आता वरण निवतंय म्हणून गप्प बसवता येत नाही.

कोरेगावातल्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी तू उतरवलीस हे वहिनींनी मला दिवाळीत सांगितलं. ज्याला स्वतःच्या पोराला धड शिकवता आलं नाही त्यानं लोकांच्या पोरांना क्लच-ब्रेक काय शिकवायचा, असं म्हणालास म्हणे. विश्वजितच्या अपघाताच्या चौकशीच्या कागदावर लिहून आलं की चालकाने ठरलेली पद्धत पाळली नाही, आणि तू ते वाक्य जसंच्या तसं गिळलंस. फौजेत चोवीस वर्षं काढलीस, वरून आलेला कागद खरा मानायची सवय तुझ्या हाडात आहे. मला त्या सवयीचा राग येतो. कागद कसे तयार होतात ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय.

आपली पहिली भाऊबीज आठवते का? बारा वर्षं झाली. वाळवंटातल्या त्या रेंजवर चाळीस माणसं, त्यात मराठी आपण दोघंच. मी तपासणी खात्याची बाई, तू चाचणीच्या रणगाड्याचा चालक, दफेदार शिवाजी, आणि दोन आठवडे आपण “जी मॅडम” आणि “ठीक है दफेदार”च्या पुढे गेलो नव्हतो. त्या दिवशी मी तंबूबाहेर तोंड पाडून बसले होते, तर तू येऊन म्हणालास, “मॅडम, कणीक हाय मेसमध्ये. दिवा करू काय?” मेसच्या ताटलीत कणकेचा दिवा, अक्षता म्हणून खिचडीचे तांदूळ, आणि बसायला पाट नाही म्हणून तू पाण्याच्या कॅनवर बसलास. ओवाळणी म्हणून तुझा वाळूचा चष्मा काढून दिलास आणि पुढचे चार दिवस स्वतः डोळे चोळत गाडी चालवलीस. कामावर मी तुला मॅडमच राहिले, पण तेव्हापासून बाकी सगळीकडे दादा म्हणाले, आणि ते तोंडदेखलं कधीच नव्हतं. म्हणूनच हे लिहिणं इतकं जड जातंय.

त्या गाडीचं सगळं प्रकरणच नमनाला घडाभर तेल असं होतं. रणगाडा चाळीस वर्षांचा, नवा घ्यायचा तर परवडत नाही आणि वेळ नाही, म्हणून जुन्यालाच नवं करायचं ठरलं. रात्री दिसणारी दुर्बीण एका देशाची, इंजिनाचे सुटे भाग दुसऱ्याचे, आणि तोफेच्या बुरुजावर पुढून लावायची चिलखताची पेटी तिसऱ्याची. पहिली निविदा एकच कंपनी आली म्हणून रद्द. दुसऱ्या वेळी दोन आल्या, तर त्यातल्या एकीची दुर्बीण दुपारी दोनच्या उन्हात पांढरीफटक पडायची. त्यांचा तो गोरा माणूस रुमालानं काच पुसत बसला होता, आणि तू मला हळूच म्हणालास, “मॅडम, काच पुसून ऊन जातंय व्हय?” नऊ वर्षं ती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. आपण वाळवंटात पोचलो तोवर सगळेच कंटाळलेले होते, आणि मीही.

भाऊबीजेनंतर आठव्या दिवशी तू गाडीतून बाहेरच येईनास. आम्हाला वाटलं झोप लागली. तू आत बसून डोक्यावरचं झाकण ढकलून बघत होतास. ते चार बोटं उघडत होतं आणि नव्या पेटीच्या कडेला जाऊन अडत होतं. मग तू गनरला वीज बंद करायला लावलीस, बुरूज हातानं फिरवायला सांगितलास आणि माझ्या हातात स्टॉपवॉच दिलंस. झाकण मोकळं व्हायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. बाहेर आलास तेव्हा घामानं निथळत होतास. “जुन्या गाडीत तोफ अगदी नाकासमोर असली तरच झाकण अडायचं. आता जराशी हिकडं-तिकडं असली तरी अडतंय. गाडी पेटली, लाइट गेली, तर खालच्यानं काय करायचं, मॅडम?” तंबूत येऊन तू ते स्वतःच्या हातानं, बॉलपेननं, तुझ्या त्या उभ्या हिंदी अक्षरात लिहिलंस आणि खाली सही केलीस. चौतीस निरीक्षणांपैकी त्याला अकरावा नंबर मिळाला.

आमच्याकडे प्रत्येक निरीक्षण दोनपैकी एका रकान्यात जातं. एक रकाना ‘हवेच’ आणि दुसरा ‘असल्यास बरे’. इंग्रजीत त्यांना भारदस्त नावं आहेत, पण अर्थ एवढाच. पहिल्या रकान्यात काही असेल तर माल परत जातो, कंपनी नवी पेटी बनवते, पुन्हा गोळ्या झाडून चाचणी, पुन्हा वाळवंट, दीड वर्ष गेलं. दुसऱ्या रकान्यातलं पुढच्या टप्प्यासाठी ठेवायचं आणि करार पुढे न्यायचा. बैठकीत अकरावं निरीक्षण दुसऱ्या रकान्यात गेलं. तुला मी फोनवर एवढंच कळवलं की पुढच्या टप्प्यात होणार आहे. तू म्हणालास, “व्हतंय न्हवं? मग बरं झालं.” पुढचा टप्पा कधी आलाच नाही. आता तर सगळ्यांनी मोबाइलवर दूरदेशीची युद्धं पाहिलीत, वरून ड्रोन पडतो हे पाहिलंय, त्यामुळे सध्या माझ्या टेबलावर रणगाड्याच्या डोक्यावर बसवायच्या जाळ्यांच्या फाइली आहेत. झाकणाचं कुणाला आठवत नाही.

विश्वजित लखनौच्या छावणीत होता त्या सहा महिन्यांबद्दल मी तुझ्याशी कधी नीट बोलले नाही. दर रविवारी यायचा. कधी सकाळी लवकर चौकात जाऊन मातीच्या कुल्हडात मलई-मक्खन घेऊन यायचा, आणि ते वितळू नये म्हणून एका हातानं मोटारसायकल चालवायचा. त्याबद्दल मी त्याला दर वेळी बोलायची. अलीगंजच्या बाजारातून माझी भाजी आणायचा, आणि भाजीवाल्याशी अशा अदबीनं बोलायचा की तो कढीपत्ता फुकट, आणि तोही जुडीभर द्यायचा. “आत्या, टेन्शन नको घेऊ यार,” हे त्याचं पालुपद. एकदा हिमानीनं त्याला विचारलं, भैया, टँकच्या आत नेमकं बसतात कुठे? झालं. यानं पोळ्यांचा डबा घेतला, त्यावर तवा पालथा घातला, तव्यावर लाटणं ठेवलं. डबा म्हणजे गाडी, लाटणं म्हणजे तोफ, आणि डब्याच्या कडेला एक लवंग ठेवून म्हणाला, हा मी. मग लाटणं लवंगेवर आणलं. “तोफ अशी आली की मी आत लॉक. पण ड्रिल आहे ना, निघायच्या आधी चेक करायचं. किसीने बहुत सोच के बनाया होगा.” हिमानी हसली. मी त्याच्या ताटात आणखी एक पुरी वाढली आणि गॅस बंद करायला म्हणून आत गेले. गॅस बंदच होता.

आता सांगते. अकरावं निरीक्षण दुसऱ्या रकान्यात आपोआप गेलं नाही, मी टाकलं. बैठकीत चौतीस नंबर वाचून झाले, ‘हवेच’मध्ये तीनच उरले होते, त्यातले दोन कंपनीनं मान्य केले. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “मॅडम, ग्यारह नंबर आपकी टीम का है, देख लीजिए।” कुणी दमदाटी केली नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. मी मनात हिशेब केला की हे राहिलं तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा दीड महिना वाळवंट. हिमानी पाच वर्षांची होती आणि मला फोनवर आई म्हणेनाशी झाली होती. मला घरी जायचं होतं, दादा. मी पेन उचललं, तुझ्या नंबरावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘निघण्यापूर्वी तोफ झाकणावर नसल्याची खात्री चालकाने केल्यास अडचण राहत नाही.’ माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

ते वाक्य लिहिताना मला माहीत होतं की त्याला अर्थ नाही. निघताना तोफ बाजूला असली तरी चालत्या गाडीत ती फिरणारच, ती फिरायलाच असते. आणि खाली बसलेल्या चालकाला डोक्यावरची तोफ दिसतच नाही. हे तूच मला त्या तंबूत शिकवलं होतंस. पण वाक्य सोयीचं होतं, म्हणून ते पुस्तिकेत गेलं, पुस्तिकेतून शिकवणीत गेलं, आणि तुझ्या पोरानं ते पाठ करून माझ्याच स्वयंपाकघरात मला म्हणून दाखवलं. त्या दिवशी मी बोलले असते तर? निदान एवढं तरी म्हटलं असतं की बाळा, ते ड्रिल खोटं आहे, तुझ्या साहेबांना सांग. माझी बढती तेव्हा अडलेली होती आणि जुनी फाइल उकरायला मला जमणार नव्हतं. त्याला मी पुरी वाढली.

मार्चात ते झालं. भर दुपारी, सराव चालू असताना इंजिनाच्या बाजूनं आग लागली, वीज गेली, आणि तोफ थांबली ती तू म्हणाला होतास तशी, जराशी हिकडं, नेमकी तेवढीच. वरची दोन मुलं बाहेर पडली आणि विश्वजित आतच अडकलाय हे कळलं तेव्हा पुन्हा वर चढली. त्यांचे हात भाजले. निघताना विश्वजितनं तपासून ‘ठीक’ म्हटल्याचं त्यातल्या एकानं सांगितलंय, ते जबाबात आहे, मी वाचलंय. तरी निष्कर्षात लिहिलं की चालकाने तोफेच्या स्थितीकडे लक्ष ठेवले नाही. दिसत नसलेल्या गोष्टीकडे लक्ष कसं ठेवायचं, हे कुणी लिहिलं नाही.

तेराव्याला मी कोरेगावला आले ती सगळं सांगायचं असं ठरवून. विमानात चार वेळा वाक्यं जुळवली. तू मला परड्यात नेलंस आणि म्हणालास, “विनया, पोरानं घाई केली. मी शिकवताना कुटंतरी कमी पडलो.” मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी पानं मांडलीत म्हणून सांगायला आल्या. तू स्वतः मला वाढलंस, आग्रह करून लाडू वाढलास, आणि मी तो खाल्ला. सप्टेंबरात चौकशीचा अहवाल आमच्या कार्यालयात आला. त्यात माझं वाक्य शब्दाला शब्द होतं, फक्त आता त्याला नियमाचा क्रमांक मिळाला होता. माझं नाव कुठेच नव्हतं. मी सही करून अहवाल पुढे पाठवला, आणि त्या संध्याकाळी अलीगंजला हृषीकेशसाठी मोजे घ्यायला गेले. माणूस किती निगरगट्ट असतो ते मला स्वतःवरून कळलं.

मी याहून पुढेही गप्पच राहिले असते बहुतेक. कळतं पण वळत नाही अशातली मी. पण गेल्या मंगळवारी वहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या. तू रेजिमेंटला पत्र लिहिलंस म्हणाल्या, आणि मला ते वाचून दाखवलं. ‘माझ्या मुलाच्या चुकीमुळे सरकारी गाडी गेली व दोन जवानांना इजा झाली, त्याबद्दल बाप या नात्याने मी हात जोडून क्षमा मागतो.’ दोन दिवसांत टाकणार म्हणाल्या, म्हणजे आता ते पोचलंही असेल. बुधवारी मी रजा टाकली आणि हजरतगंजला जाऊन नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं. अकरावं निरीक्षण, तुझ्या अक्षरातलं पान, माझी काट, माझं वाक्य, माझं नाव, सगळं त्यात आहे. तुझ्या पानाची झेरॉक्स बारा वर्षं माझ्या कपाटात होती. हृषीकेशनं दोनदा वाचलं, “उशीर केलास,” एवढंच म्हणाला, आणि साक्षीदार म्हणून सही केली. ते ज्यांना जायला हवं त्यांना गेलं आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, त्याबद्दल तू मला काही विचारू नकोस. त्याची एक प्रत तुझ्याकडे रजिस्टरनं येतेय. पोस्टमननं दिलेल्या कागदावरून तुला कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. मला माफ कर असं मी म्हणत नाही, म्हणायचं तोंड नाही. पण तू मागितलेली माफी परत घे, दादा. आजच त्यांना दुसरं पत्र लिही. विश्वजितनं घाई केली नाही, तू शिकवण्यात कमी पडला नाहीस. मी लिहिलेलं त्यानं अक्षरशः पाळलं, आणि त्यानंच तो गेला.

तू अजून दादा म्हणू देत असशील तर
तुझीच,
विनया